आधी तुम्ही बाजार बंद करा

रोग आहे की नाही हे ठरवायला नदीच्या दोन्ही काठांवरचे साहेब एकत्र जमले होते. दोन्ही काठांवर गाई तोंडातून लाळेच्या तारा सोडत, पाय झटकत उभ्या होत्या, दूध आटलं होतं, वासरं उभ्या उभ्या कोसळत होती. पण गाईंना बैठकीचं निमंत्रण नव्हतं, तेव्हा त्यांचं म्हणणं विचारात घ्यायचा प्रश्न नव्हता.

नदी म्हणजे दोन प्रांतांची हद्द. मधे एक पूल. बैठक कोणाच्या हद्दीत घ्यायची यावर इतकी पत्रापत्री झाली की तेवढ्या वेळात रोग आणखी काही गावं पुढे सरकला. शेवटी पुलाजवळचं विश्रामगृह ठरलं. ते अलीकडच्या काठावर होतं, म्हणून भरपाई म्हणून अध्यक्षपद पलीकडच्यांना मिळालं.

अलीकडच्या जनावरांच्या दवाखान्याची डॉक्टरीण टेबलाच्या पार टोकाला बसली होती. पन्नाशीला टेकलेली, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. जाईल तिथे जंतुनाशकाच्या बादल्या ओतायला लावते म्हणून गुरांच्या बाजारात तिला फिनाइलबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ऐकू जाईल एवढा आवाज मात्र ठेवत.

"आमच्याकडे लाळ्या खुरकूत नाही," पलीकडचे संचालक म्हणाले. "काही जनावरांना तोंडाची तक्रार आहे, एवढंच."

"आमच्याकडेही नाही," अलीकडचे संचालक म्हणाले. "आणि जी काही आहे ती तुमच्याकडून आलेली आहे."

"जी आमच्याकडे नाहीच, ती आमच्याकडून येईल कशी?"

हा मुद्दा इतका बिनतोड होता की दोन्ही बाजूंनी चहा मागवला.

खरा पेच होता बाजाराचा. अलीकडे आठवड्याला गुरांचा बाजार भरे, आणि दोन दिवसांनी पलीकडे. व्यापारी तेच, गाड्या त्याच, न विकलेली जनावरंही तीच. इथून तिथे, तिथून इथे. रोगाला याहून चांगली वाहतूक कोणी मुद्दाम आखूनही दिली नसती. दोन्ही बाजार बंद करायला हवेत हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळत होतं, आणि ते दुसऱ्याने आधी करावं यावरही सगळ्यांचं एकमत होतं.

"आधी तुम्ही बाजार बंद करा, मग आम्ही बघतो."

"म्हणजे आमचे व्यापारी तुमच्याकडे. आधी तुम्ही करा."

डॉक्टरीण समोर बसलेल्या माणसाकडे बघत होती. तो पलीकडच्या दवाखान्याचा डॉक्टर. कॉलेजात दोघं एकाच वर्गात होती. तिथे त्याला कोणी काही विचारलं की तो म्हणे "बघू", म्हणून त्याचं नावच बघू पडलं. नंतर डॉक्टरिणीने त्याच्याशी लग्न केलं, आणि बरीच वर्षं "बघू" ऐकून घेतल्यावर घटस्फोट घेतला. तेव्हापासून नदीच्या दोन काठांवर दोघं एकच काम करत होती आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती. आज तो तोंडात गुळणी धरल्यासारखा बसला होता. त्याच्या भागातली जनावरं आपल्याकडच्यांच्या आधी आजारी पडली हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं.

शेवटी संयुक्त उपसमिती नेमून अभ्यास करायचं ठरलं. तेव्हा डॉक्टरीण उठली.

"साहेब, या विषाणूची मला आता कदर वाटायला लागलीय," ती म्हणाली. "तो दोन्ही काठांना सारखं वागवतो आणि पूल ओलांडायला उपसमिती नेमत नाही. इथे बसलेल्यांपेक्षा त्याची कामाची पद्धत चांगली आहे."

आणि ती निघून गेली. दार तिने जरा जोरातच ओढलं.

दवाखान्यात परतल्यावर तिने हातात होतं ते केलं. शीतगृहात लस होती. आपली माणसं घेऊन तिने रोग नसलेल्या गावांपासून सुरुवात केली आणि बाहेरून आत अशी रोगाच्या दिशेने ती टोचत आली. लोक शिव्या घालत होते, कारण टोचल्यावर एक-दोन दिवस दूध कमी होतं. तिनेही त्यांना शिव्या घातल्या. काम मात्र चोख झालं.

लस अंगी लागायला जेवढे दिवस द्यावे लागतात तेवढे गेले, आणि टोचलेल्या गोठ्यांतली गुरं लंगडायला लागली.

"बाई, टोचलं नसतं तरी हेच झालं असतं ना?" एक गोठेवाला तिला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "मग टोचलंत कशाला?"

उत्तर तिला माहीत होतं. या रोगाच्या विषाणूच्या जाती वेगवेगळ्या, आणि एका जातीची लस दुसरीला चालत नाही. शेजाऱ्याच्या किल्लीने आपलं कुलूप उघडू बघण्यातला प्रकार. ही नेमकी कोणती जात आहे ते प्रयोगशाळाच सांगणार, आणि अलीकडच्या प्रयोगशाळेतलं यंत्र सध्या दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होतं. अलीकडच्या प्रांतात सगळ्याच गोष्टी कसल्या ना कसल्या प्रतीक्षेत असत. पलीकडची प्रयोगशाळा चालू होती. म्हणजे पलीकडे कोणाला तरी माहीत होतं.

त्याच दुपारी फोन आला.

"सूनबाई, मी बोलतेय."

"आई, मी आता तुमची सून नाही."

"घटस्फोट तुमच्या दोघांचा झाला. मला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तो मला लागू होत नाही," पलीकडून आवाज आला. "माझी गाय लंगडतेय."

बघूची आई शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. गाव तिला मोठ्या बाई म्हणे. निवृत्तीनंतर तिने गाई पाळल्या, कारण तिच्या मते पोरांच्या मानाने गाईंना एकदा सांगितलेलं लक्षात राहतं.

"तुमचा मुलगा तिथेच डॉक्टर आहे की."

"तो फाटकाबाहेरून बघून जातो. म्हणतो, तुझ्या गोठ्यात शिरलो तर हाच रोग पायाला लावून पुढच्या गोठ्यात नेईन."

"बरोबर बोलतोय."

"बरोबर बोलतोय ते मलाही कळतं. लहानपणापासून तो बरोबरच बोलतो. पुढे करत काही नाही. तू ये. त्यालाही बोलावते. तुम्ही दोघं भांडा, पण माझ्यासमोर भांडा, म्हणजे त्यातून काहीतरी निघेल."

डॉक्टरीण जायला तयार झाली ती सासूच्या प्रेमापोटी नव्हे. बघूच्या तोंडून एक गोष्ट काढायची होती, आणि त्याच्या आईशिवाय ते कोणाला जमणार नव्हतं.

मोठ्या बाईंच्या फाटकाशी पत्र्याच्या घमेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवलेलं होतं. डॉक्टरिणीने त्यात बूट बुडवले आणि गोठ्याकडे न जाता ती व्हरांड्यात आली. तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या, दोन समोरासमोर आणि एक मधे. कोणती कोणाची हे विचारायची गरज नव्हती. बघू आधीच येऊन बसला होता. ओले केस, धुतलेला शर्ट. कुठल्यातरी गोठ्यातून आल्यावर आंघोळ करून आला होता. या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि म्हणून तिला जास्तच राग आला.

"तुमच्या प्रयोगशाळेला जात कळलीय का?" तिने विचारलं. घटस्फोटानंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती, आणि तेही अहो-जाहो करून. त्यात मान नव्हता, अंतर होतं.

"तसं सांगता येणार नाही," बघू म्हणाला.

"सांगता येणार नाही म्हणजे?" मोठ्या बाई म्हणाल्या. "माहीत नाही, की हिंमत नाही? वर्गात हे उत्तर दिलं असतंस तर बाकावर उभा केला असता."

बघूही पन्नाशीला टेकला होता, पण बाकाचं नाव काढताच त्याचे खांदे पडले. मग त्याने सांगितलं. जात वेगळी होती. अलीकडच्या लसीत ती नव्हतीच. पलीकडच्यांना हे बैठकीच्या बरंच आधी कळलं होतं. पण जात जाहीर केली की रोग आधी आपल्याकडे होता हे सिद्ध होतं, म्हणून संचालकांनी तोंडावर बोट ठेवायला सांगितलं.

"आणि तू ठेवलंस," डॉक्टरीण म्हणाली. अहो-जाहो कुठे गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही. "माझी माणसं उन्हातान्हात गोठेगोठे फिरली. लोकांच्या लाथा खाल्ल्या, गाईंच्याही. साधं पाणी टोचलं असतं तरी चाललं असतं. आणि तू समोर बसून कागदावर रेघोट्या ओढत होतास."

"तुझं झालं?" बघू म्हणाला. "त्या दिवशी मी ठरवून आलो होतो, की बैठक संपली की तुला बाहेर गाठायचं आणि सांगायचं. तू सगळ्यांची बिनपाण्याने करून निघून गेलीस. तू गेल्यावर आमच्या साहेबांनी पहिलं काम काय केलं माहितीये? अलीकडच्यांशी कोणी एक अक्षर बोलायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. माझ्याकडे बघून बजावलं."

"तू सांगणार होतास. करणार होतास. बघणार होतास."

"हो. आणि तू दार आपटलंस. तू दार आपटलंस की मला ते उघडायची सोय राहत नाही. घरीही हेच होतं."

गोठ्यातून गाईच्या ओठ चाटण्याचा आवाज येत होता. डॉक्टरिणीला उत्तरं सुचत होती, एकाहून एक जहरी, पण त्यातलं एकही खोडून काढणारं नव्हतं.

"झालं तुमचं लग्नाचं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आता गाईंचं बोला."

गाईंचं बोलणं मात्र भराभर झालं. पलीकडच्या प्रांताने योग्य जातीची लस मागवली होती, ती मोठ्या शहरातल्या गोदामात येऊन पडली होती. बघूच्या भागाचा वाटा मंजूर होता. पण बघूच्या दवाखान्यातलं शीतकपाट गेल्या उन्हाळ्यापासून बंद होतं. लस आणली असती तर दोन दिवसांत नासली असती.

"दुरुस्तीसाठी लिहिलंय मी," बघू म्हणाला.

"लिहिलं असशीलच. माझं शीतगृह चालू आहे. तुझी लस माझ्याकडे ठेवू आणि दोन्ही काठांना टोचू. माणसं माझ्याकडे आहेत."

"एका प्रांताची लस दुसऱ्या प्रांतात ठेवता येत नाही. नियम आहे."

"नियम रोगाला दाखव. थांबला तर मी माफी मागते."

मोठ्या बाईंनी मुलाकडे नुसतं बघितलं. "ठेवू," बघू म्हणाला.

राहिला बाजार. साथीचा भाग जाहीर करून बाजार बंद ठेवायचा अधिकार कायद्याने त्या-त्या भागातल्या डॉक्टरला होता. दोन्ही प्रांतांत होता. तो वापरायचा असतो, हे मात्र आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तू बंद करून टाक," डॉक्टरीण म्हणाली. "मी लगेच करते."

"तुझा बाजार आधी भरतो. तू कर, मग मी करतो."

"म्हणजे मी तोंडावर आपटायचं आणि तू काठावर बसून बघायचं. आधी तू."

"माझे व्यापारी तुझ्याकडे येतील. आधी तू."

मोठ्या बाई हसायला लागल्या. बराच वेळ हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले.

"तुमच्या साहेबांना मी उगाच मठ्ठ समजत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघंही त्यांच्याच तुकडीतली निघालात."

दोघांचे चेहरे उतरले. पुढच्या बाजाराच्या दिवशी, एकाच सकाळी, तिने बाजार बंद करायचा आणि त्याने पलीकडून येणाऱ्या गाड्या अडवायच्या, शिवाय त्याचा बाजारही त्या आठवड्यापासून बंद, असं ठरलं. वर कोणाला आधी विचारायचं नाही. विचारलं की नाही म्हणणं साहेबांना भाग पडतं; न विचारता केलं तर त्यांना नुसतं रागावावं लागतं, आणि ते त्यांना आवडतं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच डॉक्टरिणीने पुलाजवळच्या बाजाराच्या मैदानाच्या तोंडाशी दोर बांधले. रस्त्यावर पेंढा पसरून त्यावर सोड्याचं पाणी मारलं. आसपासच्या गावांतून गाड्या यायला लागल्या, तशा तिची माणसं चाकं धुऊन त्यांना माघारी वळवायला लागली. व्यापाऱ्यांनी आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. बाजार चालवायला घेतलेला ठेकेदार धावत आला. एरवी तो तिच्यापुढे हात जोडून उभा राही.

"फिनाइलबाई, हा काय तमाशा?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तोंडावर म्हणालं.

"साथ आहे. बाजार बंद."

"कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

ठेकेदाराने लगेच फोन लावला, आणि थोड्या वेळात तिचा फोन वाजला. संचालक होते.

"तुम्ही बाजार बंद केलात? आणि त्यांचा चालू राहिला तर?"

"त्यांचाही बंद आहे, साहेब."

"कोण म्हणतं?"

"त्यांचा डॉक्टर."

"लेखी?"

"तोंडी."

"तो?" संचालकांनी बहुधा बैठकीतला तो गुळणीवाला आठवून बघितला. "त्याच्या तोंडी शब्दावर तुम्ही बाजार बंद केलात?"

तिने फोन ठेवला आणि पुलाकडे बघितलं. पलीकडच्या टोकाला कोणी नव्हतं. जीप नाही, दोर नाही, बघू नाही. रिकामा रस्ता नुसता उन्हात पसरला होता. शेपूट घातलं यानं. आदल्या संध्याकाळी साहेबांना विचारायला गेला असणार. नाहीतर सकाळी उठून "बघू" म्हणाला असणार. आणि आपण या माणसावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवला. एकदा ठेवला ती चूक म्हणता येते, दुसऱ्यांदा ठेवला त्याला शब्द नाही.

"पलीकडच्यांना सोडणार आणि आम्हाला अडवणार, हा कुठला न्याय?" एक व्यापारी म्हणाला. "येतीलच आता त्यांच्या गाड्या. बघू तेव्हा काय करता."

तीही तेच बघत उभी राहिली. पण गाड्या येईनात. ऊन वर चढलं, व्यापारी सावलीला गेले, पुलावरून एक सायकलवाला आला आणि एक दूधवाला माघारी गेला. गुरांची एकही गाडी नाही. तेव्हा तिला दुसरी शंका आली. पुलाच्या खालच्या अंगाला पात्र उथळ होतं. तिथून जनावरं हाकत आणत असतील तर? तिने जीप काढली, चाकांवर सोडा मारून घेतला आणि पूल ओलांडला.

पात्रातही कोणी नव्हतं. तशीच पुढे गेली तेव्हा, नदीपासून बऱ्याच अंतरावर, तीन रस्ते मिळतात तिथे तिला गर्दी दिसली. रस्त्यावर आडवी लावलेली जीप, मागे गाड्यांची रांग, आणि मधे बघू. त्याच्या शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. एक धिप्पाड व्यापारी त्याच्या अंगावर ओरडत होता, की साहेब, जरा बघा ना, एवढी एक गाडी.

"बघणार नाही," बघू म्हणत होता. आवाज मोठा नव्हता, पण एकाच पट्टीत होता. "वळवा गाडी."

गाडी वळली. तो वळला तेव्हा त्याला डॉक्टरीण दिसली.

"पुलापाशी का नाही उभा राहिलास?" तिने विचारलं.

"तिथे गाड्या अडवल्या असत्या तर गुरं खाली उतरवून पात्रातून चालवत नेली असती. इथून पात्रात उतरायला वाट नाही."

हे तिला सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. न सुचल्याचा राग तिने सवयीप्रमाणे त्याच्यावरच काढला. "मला कळवायचं होतंस."

"कळवलं असतं तर तू सुधारणा सुचवल्या असत्यास."

हेही खरं होतं. तिने जीपमधून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि स्वतः रांगेतल्या पुढच्या गाडीकडे गेली. तिच्या शिव्यांचा साठा त्याच्याहून बराच मोठा होता, आणि पलीकडच्या व्यापाऱ्यांनी त्या अजून ऐकलेल्या नव्हत्या.

त्यानंतरचे दिवस नुसते कामाचे गेले. लस रात्रीची निघून पहाटे तिच्या शीतगृहात आली. तिथून बर्फाच्या पेट्यांतून दोन्ही काठांवर गेली. अलीकडची माणसं पलीकडच्या गोठ्यांत टोचायला गेली तेव्हा तिथल्या गोठेवाल्यांनी त्यांना परक्या प्रांताचे म्हणून आधी चहाही विचारला नाही. गुरं वाचायला लागली तेव्हा तो मिळाला. दोघं डॉक्टर रोज फोनवर बोलत. कोणत्या गावात किती, कुठे नवीन, कुठली विहीर, कुठला रस्ता. याशिवाय काही नाही. त्यांच्या संसारात इतकं सरळ बोलणं कधी झालं नव्हतं.

सगळीच गुरं वाचली नाहीत. ज्या गावांत रोग आधीच शिरला होता तिथली वासरं गेली. मोठ्या बाईंची गाय उठून उभी राहिली, पण तिचं वासरू गेलं. मोठ्या बाईंनी स्वतः उभं राहून खोल खड्डा खणवून घेतला, चुना टाकायला लावला, आणि नंतर दोन दिवस कोणाला फाटकाच्या आत घेतलं नाही. डॉक्टरिणीचा फोनही उचलला नाही. पण रोग होता तिथेच विझला. पुढच्या गावांत गेला नाही, ना या काठाला, ना त्या.

बैल गेल्यावर झोपा करणारे लोक असतात. आपल्या दोन्ही संचालकांनी बैल परत आल्यावर झोपा केला आणि त्याचं उद्घाटनही ठेवलं. उपसमितीची पहिली बैठक रोग संपल्यावर झाली. तिच्या दूरदृष्टीमुळे साथ आटोक्यात आली असं निवेदन दोघांनी मिळून काढलं. जो रोग दोन्हीकडे नव्हताच, त्याच्यावर दोन्हीकडे विजय मिळाला. विश्रामगृहात समारंभ झाला, दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले. डॉक्टरीण मागच्या रांगेत होती. बघूला बोलावलंच नव्हतं. ज्येष्ठ पशुपालक म्हणून मोठ्या बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या मंचावर गेल्या, मागच्या फलकावरची शुद्धलेखनाची चूक मोठ्याने वाचून दाखवली, आणि खाली उतरल्या. दोन शब्दांत जेवढं बसतं तेवढं त्यांनी बसवलं.

समारंभानंतर नोटिसा आल्या. परप्रांताची लस परवानगीशिवाय का ठेवलीत? परप्रांताला लस परवानगीशिवाय का दिलीत? डॉक्टरिणीने एका ओळीत उत्तर पाठवलं: परवानगीला शीतगृह लागत नाही, लसीला लागतं. तिला कोणी हलवलं नाही, कारण तिच्या जागेवर यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बघूची मात्र बदली झाली. दूरच्या शहरात, चारा संशोधन विभागात. तिथे जनावर म्हणून भिंतीवर टांगलेलं गाईचं एक चित्र होतं, आणि तेही जुनं.

जायच्या आधी तो बर्फाच्या रिकाम्या पेट्या परत करायला अलीकडे आला. मोठ्या बाईही आल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर तिघांनी चहा घेतला.

"एक विचारते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुन्हा लग्न करायचा काही विचार?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली. बैठकीशिवाय त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"बरं झालं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि बशी खाली ठेवली. "मला नुसती खात्री करायची होती."

बघू गेल्यावर कितीतरी दिवस डॉक्टरीण पुलाकडे बघताना उगाच चिडत असे. कोणावर ते तिने स्वतःला विचारलं नाही. पलीकडे नवीन डॉक्टर येणार असं कानावर होतं. येईल एखादा शेळपट, ती म्हणे, लेखी मागणारा.

थंडी सरता सरता, एका सकाळी ती वासराला सलाईन लावत असताना फोन वाजला. आवाज एका बाईचा होता, तरुण, थोडा घाबरलेला.

"मॅडम, मी पलीकडून बोलतेय, नवीन डॉक्टर. आमच्याकडे शेळ्यांना हगवण लागलीय, नाकातून पाणी येतंय, दोन कळपांत. मी अजून वर कळवलेलं नाही. म्हणजे, आधी तुम्हाला फोन करावा की नाही कळेना, पण इथे फोनच्या वर भिंतीवर तुमचा नंबर रंगाने लिहिलाय. खाली लिहिलंय, आधी इथे, मग साहेबांना."

डॉक्टरिणीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि सुई नीट बसवली.

"तोंडात फोड आहेत का बघितलंस?" तिने विचारलं.

"आहेत."

"कळप कुठून आले?"

"नक्की माहीत नाही. बघून सांगते."

"आत्ता विचार त्यांना. मी फोन धरून आहे."